ऑटोपायलटवरील देखरेख : एका सोयीस्कर समजाचा प्रतिवाद

जमिनीवरून पाठवलेल्या रेडिओ संकेतांच्या आधारे विमानाला धावपट्टीपर्यंत उतरत आणणारी जी यंत्रणा इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम, म्हणजेच आयएलएस, या नावाने ओळखली जाते, तिला जोडलेला ऑटोपायलट काम करत असताना वैमानिकांनी नेमके काय करायचे असते, या प्रश्नाचे एक उत्तर हवाई वाहतुकीवरच्या लेखनात आणि चर्चेत आता जवळजवळ गृहीत धरले जाते. ऑटोपायलटचा हात माणसाच्या हातापेक्षा स्थिर असतो, तो थकत नाही, धुक्यात बिचकत नाही, म्हणून मार्गदर्शक काटे मध्यभागी आहेत ना एवढे पाहत राहिले की वैमानिकाचे कर्तव्य पार पडले, असे ते उत्तर आहे. याच समजाची दुसरी आणि अधिक अभ्यासपूर्ण भासणारी मांडणी अशी की, माणूस देखरेखीच्या कामाला स्वभावतःच अयोग्य आहे, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले असल्याने त्याच्याकडून ते काम अपेक्षिणेच व्यर्थ आहे, आणि म्हणून यंत्रावर यंत्रालाच नजर ठेवू देऊन कॉकपिटमधली माणसे कमी करावीत. पहिल्या मांडणीत देखरेखीचा अर्थच चुकीचा घेतलेला आहे आणि दुसरी त्याच चुकीच्या अर्थावर उभी आहे. ही चूक शब्दांपुरती राहिलेली नाही, तिने माणसे मारली आहेत, म्हणून तिचा सविस्तर प्रतिवाद आवश्यक ठरतो.

प्रतिपक्षाच्या बाजूने जे खरे आहे ते आधी मान्य केले पाहिजे. १० जून १९६५ रोजी पॅरिसहून लंडनच्या हीथ्रो विमानतळावर आलेल्या ब्रिटिश युरोपियन एअरवेजच्या ट्रायडंट विमानाची चाके, प्रवासी घेतलेल्या उड्डाणात पहिल्यांदाच, स्वयंचलित यंत्रणेच्या हाती धावपट्टीला टेकली, आणि तेव्हापासून आजवर दाट धुक्यात, जिथे मानवी डोळ्यांना धावपट्टी दिसण्यापूर्वीच निर्णयाची वेळ टळून गेलेली असते अशा हवामानात, असंख्य विमाने याच पद्धतीने सुखरूप उतरली आहेत. या परिस्थितीत ऑटोपायलट माणसापेक्षा सरस आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो या यशातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाबद्दल, आणि तो निष्कर्ष तपासण्यासाठी ऑटोपायलटला नेमके काय ‘माहीत’ असते, हे पाहणे भाग आहे.

आयएलएसचे दोन भाग असतात. धावपट्टीच्या दूरच्या टोकापलीकडे उभा असलेला लोकलायझर विमानाला धावपट्टीच्या मध्यरेषेशी जुळवतो, तर धावपट्टीच्या कडेला, चाके टेकण्याच्या जागेजवळ असलेला ग्लाइडस्लोप त्याला बहुधा तीन अंशांच्या उतारावर धरून ठेवतो. दोन्हींचे तत्त्व एकच आहे. प्रत्येक प्रक्षेपक ९० हर्ट्झ आणि १५० हर्ट्झ अशा दोन स्वरांनी भारलेला संकेत पाठवतो, उताराच्या वर ९० हर्ट्झचा प्रभाव अधिक असतो, खाली १५० हर्ट्झचा, आणि जिथे दोन्ही सारखे भरतात तो योग्य उतार, असे विमानातला ग्राहक मानतो. म्हणजे विमानातल्या यंत्राला ना धावपट्टी दिसते, ना जमीन, ना अंतर. त्याला मिळते ती फक्त दोन स्वरांच्या तीव्रतेतली तफावत. ती शून्य झाली की काटा मध्यभागी येतो आणि ती शून्यच राहावी यासाठी ऑटोपायलट विमानाचे नाक वर-खाली करत राहतो. काटा मध्यभागी असण्याचा अर्थ एवढाच की, तफावत शून्य आहे. ती शून्य का आहे, हे सांगण्याची सोय त्या काट्यात नाही.

या मर्यादेचे सर्वांत स्वच्छ उदाहरण २९ जुलै २०००च्या रात्री सामोआतल्या आपिया इथे घडले. ऑकलंडहून आलेले एअर न्यूझीलंडचे बोईंग ७६७ विमान, उड्डाण क्रमांक ६०, फालेओलो विमानतळाकडे आयएलएसच्या आधारे उतरत होते. खोदकामात तुटलेल्या एका केबलमुळे ग्लाइडस्लोपच्या प्रक्षेपकावर जी स्वयंचलित देखरेख असायला हवी होती ती बंद पडलेली होती, आणि प्रक्षेपक अशा अवस्थेत सोडलेला होता की, तो ९० आणि १५० हर्ट्झचे स्वर सर्व दिशांना समसमान पाठवत होता. तफावत सगळीकडेच शून्य असल्यामुळे विमान कुठल्याही उंचीवर असते तरी काटा मध्यभागीच राहिला असता. संकेत नाहीसा झाला असता तर उपकरणावर इशाऱ्याचा बावटा पडला असता. इथे संकेत सशक्त होता, फक्त अर्थहीन होता, म्हणून बावटा पडला नाही, इशारा वाजला नाही आणि ऑटोपायलट त्या अर्थहीन संकेतामागे विमानाला अंधाऱ्या समुद्राच्या दिशेने निमूटपणे खाली नेत राहिला. धावपट्टी अजून दहाएक किलोमीटर दूर होती, आणि त्या जागी जी उंची अठराशे फुटांच्या आसपास असायला हवी ती चारशे फुटांपर्यंत उतरली होती.

विमान वाचले ते केवळ वैमानिकांमुळे. अंतर दाखवणारा आकडा आणि विमानाची उंची यांचा मेळ बसत नाही, आणि बाहेर दिसणारे किनाऱ्यावरचे दिवे असायला हवेत त्याहून जवळ आहेत, हे कॉकपिटमधल्या माणसांच्या लक्षात आले. त्यांनी काट्यावरचा विश्वास सोडून गो-अराउंड केले, म्हणजे उतरण्याचा प्रयत्न सोडून पूर्ण जोराने पुन्हा वर चढले, आणि नंतर ग्लाइडस्लोपचा आधार न घेता विमान सुखरूप उतरवले. प्रतिपक्षाच्या व्याख्येनुसार या वैमानिकांकडून देखरेखीची जी अपेक्षा होती, म्हणजे काटे मध्यभागी आहेत ना हे पाहण्याची, ती पूर्ण करून ते समुद्रात गेले असते. ते तरले, कारण त्यांनी काट्याला ज्याची खबर नव्हती अशा दुसऱ्या स्रोताकडून विमानाची जागा तपासली. देखरेखीचा खरा अर्थ हाच आहे. ऑटोपायलट आपल्या आज्ञेचे पालन करत आहे की नाही हे पाहणे हा तिचा लहानसा भाग झाला. ती आज्ञाच सत्यावर आधारलेली आहे की नाही, हे स्वतंत्र पुराव्यावरून पडताळणे हा तिचा गाभा आहे.

या पडताळणीसाठी अवघड गणित लागत नाही. तीन अंशांच्या उतारावर दर सागरी मैलामागे विमान सुमारे ३२० फूट उतरते, म्हणून धावपट्टीपासून पाच सागरी मैलांवर त्याची उंची धावपट्टीच्या वर सोळाशे फुटांच्या आसपास असली पाहिजे. उतरण्याचा वेगही तितकाच सरळ निघतो, कारण जमिनीच्या सापेक्ष १४० नॉट वेगाने येणाऱ्या विमानाला याच उतारावर मिनिटाला सुमारे सातशे फूट खाली यावे लागते. हे दोन आकडे ज्याच्या मनात आधीपासून तयार आहेत, त्याला ३१ मे २०१३ रोजी नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन इथे बोईंग ७३७-८०० विमानाच्या वैमानिकांसमोर उभा राहिलेला प्रसंग घडण्याआधीच ओळखता येतो. विमान योग्य उताराच्या बरेच वर राहिले होते आणि ग्लाइडस्लोपच्या प्रक्षेपणात तीन अंशांच्या खऱ्या उताराखेरीज नऊ अंशांवर एक खोटा उतारही तयार होतो, हा ॲंटेनाच्या रचनेचा अपरिहार्य परिणाम असल्याने ऑटोपायलटने तो खोटा उतार पकडला. तिथे संकेताची दिशा उलटी असल्यामुळे खाली जायच्या ऐवजी त्याने विमानाचे नाक झपाट्याने वर उचलले, वेग घसरला आणि पंखांची उचल संपत आल्याचा इशारा देणारा, वैमानिकाच्या हातातला दांडा थरथरवणारा स्टिक शेकर सुरू झाला. वैमानिकांनी गो-अराउंड करून विमान सावरले. डच सेफ्टी बोर्डाने २०१४ साली या प्रकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा असा प्रसंग एकट्यादुकट्या विमानाचा नाही, हेही पुढे आले. नऊ अंशांच्या उतारावरच्या विमानाची उंची त्याच अंतरावर तिप्पट असते, आणि हा फरक लक्षात येण्यासाठी उंची आणि अंतर यांचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहणारे कोणीतरी तिथे असावे लागते.

इथे धुक्यातल्या स्वयंचलित लँडिंगचा दाखला पुढे करणाऱ्यांच्या युक्तिवादातली मोठी उणीव उघड होते. अतिशय कमी दृश्यमानतेत होणारे लँडिंग सुरक्षित ठरते ते एकट्या ऑटोपायलटच्या गुणांमुळे नाही. अशा वेळी दोन किंवा तीन ऑटोपायलट समांतर चालवून त्यांची एकमेकांशी सतत तुलना केली जाते, ठरावीक उंचीखाली कुठे बिघाड झाला तर काय करायचे, हे आधीच निश्चित असते, वैमानिकांना त्यासाठी वेगळे प्रशिक्षण असते, आणि जमिनीवर विमानतळ नियंत्रक लोकलायझर व ग्लाइडस्लोपच्या ॲंटेनांभोवतीचा संवेदनशील भाग इतर विमाने आणि वाहनांपासून मोकळा ठेवतात, कारण धातूचा मोठा पृष्ठभाग मध्ये आला की संकेत वाकतो. निरभ्र दिवशी किंवा मध्यम हवामानात होणाऱ्या रोजच्या अप्रोचमध्ये, म्हणजे धावपट्टीकडे येण्याच्या शेवटच्या टप्प्यात, यांतले बहुतेक काहीच नसते. बहुधा एकच ऑटोपायलट चालू असतो आणि संवेदनशील भागातून दुसरी विमाने बिनदिक्कत जात असतात. पहिल्या व्यवस्थेचे यश दुसऱ्या व्यवस्थेच्या खाती जमा करणे हा पुराव्याचा गैरवापर आहे. म्युनिकमध्ये ३ नोव्हेंबर २०११ रोजी सिंगापूर एअरलाइन्सच्या बोईंग ७७७ विमानाने हेच दाखवून दिले. कमी दृश्यमानतेची संरक्षक व्यवस्था लागू नसताना, आणि नियंत्रकांना तशी कल्पना दिलेली नसताना, वैमानिकांनी स्वयंचलित लँडिंग स्वीकारले. पुढे उड्डाण केलेले एक लहान जेट लोकलायझरच्या ॲंटेनावरून गेल्यामुळे संकेत विस्कटला आणि ऑटोपायलटने त्या विस्कटलेल्या संकेताचा प्रामाणिक पाठपुरावा करत विमानाला चाके टेकण्याच्या क्षणी डावीकडे झुकवले. ते धावपट्टीबाहेर डावीकडे गेले, मग वळून धावपट्टी ओलांडून उजवीकडच्या गवतात थांबले. कोणाचा जीव गेला नाही. जमिनीपासून काही फुटांवर ही चूक ओळखून सुधारण्यास माणसाजवळ वेळ जवळजवळ नव्हता, हे प्रतिपक्षाने म्हणावे आणि ते खरेही आहे. पण देखरेखीचे काम त्या काही फुटांवर सुरू होत नाही. आजच्या परिस्थितीत हा संकेत किती विश्वासाला पात्र आहे, हा प्रश्न अप्रोच सुरू होण्यापूर्वी विचारणे हाही तिचाच भाग आहे.

आतापर्यंतची उदाहरणे संकेत खोटा किंवा विकृत असण्याची होती, म्हणून संकेत शुद्ध असला की काम निभावले, अशी पळवाट अजून शिल्लक राहते. ती बंद करणारी घटना २५ फेब्रुवारी २००९ रोजी ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाजवळ घडली, आणि ऑटोपायलटवरील देखरेखीविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने तिचा बारकाईने विचार केला पाहिजे. टर्किश एअरलाइन्सच्या उड्डाण क्रमांक १९५१ या बोईंग ७३७-८०० विमानात १३५ माणसे होती. लोकलायझर आणि ग्लाइडस्लोप दोन्ही निर्दोष होते. बिघाड होता तो डाव्या बाजूच्या रेडिओ अल्टिमीटरमध्ये, म्हणजे जमिनीकडे रेडिओ लहरी पाठवून त्यांच्या परतण्यावरून थेट उंची मोजणाऱ्या उपकरणात. विमान हजारो फूट उंचीवर असतानाही ते उणे आठ फूट दाखवत होते. या विमानाच्या रचनेनुसार इंजिनांचा जोर नियंत्रित करणारा ऑटोथ्रॉटल त्या डाव्या उपकरणावर विसंबून होता, आणि मिळालेला आकडा असंभाव्य असला तरी उपकरणाने स्वतःला नादुरुस्त जाहीर केलेले नसल्यामुळे तो आकडा स्वीकारला गेला. विमान जमिनीला टेकण्याच्या बेतात आहे, असे समजून ऑटोथ्रॉटलने दोन्ही इंजिने मंद गतीवर आणली. उजव्या बाजूचा ऑटोपायलट मात्र उजव्या, बरोबर चालणाऱ्या अल्टिमीटरशी जोडलेला होता, म्हणून तो आपल्या परीने अचूक ग्लाइडस्लोपवर विमान धरून राहिला. एकाच विमानातल्या स्वयंचलनाच्या दोन अंगांना दोन वेगळ्या उंची खऱ्या वाटत होत्या, आणि दोन्ही अंगे आपापल्या दृष्टीने बिनचूक काम करत होती.

ही चूक लगेच लपून का गेली, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. विमान लोकलायझरशी धावपट्टीच्या अगदी जवळ जुळले होते, त्यामुळे ग्लाइडस्लोप वरून पकडावा लागला, आणि वरून खाली येताना इंजिने मंद गतीवर असणे व वेग कमी होत जाणे हे अपेक्षितच होते. बिघाडाची लक्षणे सामान्य परिस्थितीच्या लक्षणांशी तंतोतंत जुळत होती. फरक पडायला हवा होता तो विमान १४४ नॉट या ठरवलेल्या वेगाशी आले त्या क्षणी, सुमारे ७५० फुटांवर, जेव्हा इंजिनांनी पुन्हा जोर धरायला हवा होता. तो त्यांनी धरला नाही. पुढे वेग घसरत गेला आणि कमी होणारी उचल भरून काढण्यासाठी ऑटोपायलट नाक वर-वर उचलत राहिला, शेपटीवरचा आडवा पृष्ठभागही त्याने त्यासाठी वळवून ठेवला. ग्लाइडस्लोपचा काटा या सबंध काळात मध्यभागी होता. मुख्य उपकरणपटलाच्या वरच्या कडेला कोणती स्वयंचलित पद्धत चालू आहे हे दाखवणारी जी पट्टी असते, तिला फ्लाइट मोड अनन्सिएटर म्हणतात, आणि तिच्यावर जोर कमी केल्याचे निदर्शक शब्द दोन्ही वैमानिकांसमोर दिसत होते. ४६० फुटांवर स्टिक शेकर सुरू झाला, जोर वाढवण्याचा पहिला प्रयत्न ऑटोथ्रॉटल चालूच असल्याने वाया गेला, त्याने जोर पुन्हा खाली ओढला, आणि पूर्ण जोर मिळाला तोवर विमान हवेत टिकण्याची वेळ उलटली होती. ते धावपट्टीच्या अलीकडच्या शेतात कोसळले आणि तिन्ही वैमानिकांसह नऊ जण दगावले.

कॉकपिटमध्ये तीन वैमानिक असूनही हे घडले, हे पुढे करून माणूस देखरेखीला नालायक असल्याचा पुरावा म्हणून याच अपघाताचा उपयोग केला जातो. तो वरवर पटतोही. मग त्या तिघांचे लक्ष कुठे होते, हे पाहिले पाहिजे. सह-वैमानिक प्रशिक्षणाच्या टप्प्यात होता, कॅप्टन त्याला शिकवत होता, उशिरा पकडलेल्या ग्लाइडस्लोपमुळे सगळी कामे खाली सरकली होती, आणि लँडिंगची यादी तपासण्याचे काम पाचशे फुटांच्या आसपास चालू होते. कंपनीच्या नियमानुसार ढगात किंवा कमी दृश्यमानतेत हजार फुटांवर विमान वेग, उतार, जोर आणि तयारी या बाबतींत स्थिर नसेल, तर गो-अराउंड करायचे होते. १४० नॉट वेगाच्या विमानाला हजार फुटांवरून धावपट्टी गाठायला सुमारे दीड मिनिटच लागते. त्या दीड मिनिटात दुसरे कुठलेही काम नसावे, म्हणून तो नियम आहे. तो पाळला गेला असता तर अल्टिमीटर नादुरुस्तच राहिला असता आणि तरी विमान वाचले असते. या अपघातातून निघणारा निष्कर्ष माणसाला देखरेख जमत नाही असा नाही. देखरेखीसाठी राखून ठेवलेला वेळ दुसऱ्या कामांना देऊन टाकला की ती होत नाही, असा आहे. शिवाय या विमानाच्या आधीच्या आठ लँडिंगमध्ये दोनदा हाच बिघाड नोंदयंत्राने टिपला होता. जमिनीवरची व्यवस्था जो बिघाड पकडू शकली नाही, त्याचा शेवटचा भार कॉकपिटमधल्या माणसांवर टाकून पुन्हा त्यांनाच अयोग्य ठरवणे अन्यायाचे आहे.

आता देखरेखीच्या अशक्यतेविषयीच्या वैज्ञानिक दाव्याकडे वळता येईल. त्याचा आधार नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आहे. प्रयोगात भाग घेणाऱ्यांना एका घड्याळासारख्या यंत्राकडे दोन तास पाहत राहून, दर सेकंदाला एकेक टप्पा पुढे जाणाऱ्या काट्याने क्वचित घेतलेली दुप्पट उडी टिपायची होती, आणि पहिल्या अर्ध्या तासानंतर त्यांची सावधता लक्षणीयरीत्या घसरली. लिझान बेनब्रिज यांनी १९८३ साली ‘आयरनीज ऑफ ऑटोमेशन’ या गाजलेल्या लेखात याच निष्कर्षाचा आधार घेऊन, ज्या यंत्रावर क्वचितच काही बिनसते त्यावर माणसाने नुसते लक्ष ठेवण्याची अपेक्षा अवास्तव असल्याचे दाखवले. हे दोन्ही निष्कर्ष बिनतोड आहेत, आणि म्हणूनच ते कशाला लागू होतात, हे नीट पाहिले पाहिजे. मॅकवर्थच्या प्रयोगातल्या माणसाला पुढची उडी केव्हा येईल याचा अंदाज बांधण्याचे कोणतेही साधन नव्हते, त्याच्याकडून फक्त वाट पाहणे अपेक्षित होते. आयएलएस अप्रोचचा शेवटचा, दहा सागरी मैलांचा टप्पा चार मिनिटांच्या आसपास संपतो, आणि त्यातल्या प्रत्येक क्षणी विमान कुठे, किती उंचीवर, किती वेगाने आणि इंजिनांच्या किती जोरावर असायला हवे, हे आधीच सांगता येते. पुढचा आकडा आधी मनात धरायचा आणि तो आला की प्रत्यक्षाशी ताडून पाहायचा, हे काम वाट पाहण्याच्या कामाहून जातीने वेगळे आहे. देखरेख करणाऱ्या वैमानिकाला आधी भाकीत करायला लावले की त्याचे लक्ष विषयाशी बांधले जाते, तर काटा मध्यभागी आहे का एवढेच पाहायला सांगितले की, तो मॅकवर्थच्या प्रयोगातला माणूस होतो. दोष माणसाचा नसून त्याला दिलेल्या कामाच्या व्याख्येचा आहे, हे बेनब्रिज यांच्या लेखातूनही निघते, मात्र ते सोयीस्करपणे वगळले जाते.

यातली खरी उणीव कुठे आहे, हेही संशोधनानेच दाखवले आहे. सार्टर, मुमाव आणि विकेन्स यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बोईंग ७४७-४०० विमाने चालवणाऱ्या वीस अनुभवी वैमानिकांच्या नजरेच्या हालचाली सिम्युलेटरमध्ये नोंदल्या. वेग, उंची, दिशा या मूलभूत आकड्यांकडे वैमानिक नियमित पाहत होते, पण स्वयंचलन कोणत्या पद्धतीत आहे हे सांगणाऱ्या पट्टीकडे त्यांचे लक्ष पुरेसे जात नव्हते, आणि पद्धत आपोआप बदलली की ते अनेकदा कळत नव्हते. स्किपोलच्या अपघाताशी हा निष्कर्ष किती घट्ट जुळतो, हे वेगळे सांगायला नको. पण त्यातून माणसे काढून टाकावीत असे निघत नाही. पद्धत बदलली की ती मोठ्याने उच्चारून दुसऱ्या वैमानिकाकडून पडताळून घ्यावी, प्रशिक्षणात त्या पट्टीला वेगाच्या आकड्याइतकेच वजन द्यावे, आणि विमानाच्या रचनाकारांनी इतका महत्त्वाचा बदल काही हिरव्या अक्षरांवर सोपवू नये, असे निघते.

देखरेखीचा दुसरा अर्धा भाग म्हणजे हस्तक्षेप, आणि तो अर्धवट झाला तर काय होते, हे २६ एप्रिल १९९४ रोजी जपानमधल्या नागोया इथे दिसले. चायना एअरलाइन्सच्या एअरबस ए३०० विमानात सह-वैमानिकाकडून चुकून गो-अराउंडचा लिव्हर दाबला गेला, ऑटोपायलट त्या आज्ञेनुसार नाक वर करू लागला आणि वैमानिक दांडा पुढे ढकलून नाक खाली आणू पाहत राहिले, तेव्हा ऑटोपायलटने शेपटीचा पृष्ठभाग विरुद्ध दिशेने अधिकाधिक वळवत नेला. शेवटी विमान उचल गमावून कोसळले आणि २६४ जणांचा मृत्यू झाला. ऑटोपायलटशी ओढाताण करणे हा हस्तक्षेप नाही. काही विपरीत दिसले तर तो पूर्ण सोडून हाती नियंत्रण घ्यायचे, किंवा त्याला सुस्पष्ट आज्ञा देऊन गो-अराउंड करायचे, असे दोनच मार्ग वैमानिकासमोर असतात.

भारतीय अनुभव या अंगाने अधिक वेदनादायक आहे, कारण तिथे चूक दिसली होती, बोलून दाखवलीही गेली होती. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान २२ मे २०१० रोजी मंगळूरच्या टेबलटॉप धावपट्टीकडे, म्हणजे डोंगरमाथा सपाट करून बांधलेल्या व टोकाला दरी असलेल्या धावपट्टीकडे, उतरत होते, तेव्हा ते असायला हवे त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर होते. उड्डाणाचा बराच वेळ झोपलेल्या कॅप्टनने शेवटी ऑटोपायलट सोडून विमान तीव्र वेगाने खाली आणले, सह-वैमानिकाने तीनदा गो-अराउंडची सूचना केली, आणि तरीही विमान धावपट्टीचा बराच भाग मागे टाकून टेकले आणि टोकापलीकडे दरीत गेले. विमानातल्या १६६ जणांपैकी १५८ मरण पावले. दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, त्याच कंपनीचे विमान कोझिकोडला पावसात, मागून वाहणाऱ्या वाऱ्यात उतरताना तसेच लांब टेकून टोकापलीकडे गेले आणि दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. चौकशी अहवालाने गो-अराउंडची सूचना देऊनही देखरेख करणाऱ्या वैमानिकाने नियंत्रण स्वतःकडे घेतले नाही, याची नोंद अपघाताच्या संभाव्य कारणातच केली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९४ साली, १९७८ ते १९९० या काळातल्या ३७ मोठ्या अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा त्यातल्या ३१ अपघातांत देखरेख किंवा आक्षेप घेण्यातली उणीव आढळली होती, म्हणजे हा दोष भारतीय स्वभावाचा म्हणून झटकून टाकता येत नाही.

मंगळूर आणि कोझिकोडच्या सह-वैमानिकांचे डोळे बंद नव्हते. त्यांच्याकडे नव्हता तो ‘आता विमान माझ्याकडे’ असे म्हणून कॅप्टनच्या हातून नियंत्रण घेण्याचा अधिकार, निदान तो आपल्याकडे आहे, हा विश्वास तरी नव्हता. ज्या व्यवसायात कॅप्टनला ‘सर’ म्हणत शिकलेला तरुण पुढच्या बढतीसाठी त्याच्याच शेऱ्यावर अवलंबून असतो, तिथे नुसत्या नियमपुस्तिकेतल्या वाक्याने हा विश्वास येत नाही. सिम्युलेटरमधल्या सत्रांत कॅप्टनने मुद्दाम अस्थिर अप्रोच चालू ठेवावा आणि सह-वैमानिकाने नियंत्रण घेतले नाही तर तोच अनुत्तीर्ण व्हावा, अशी परीक्षा नित्याची झाली, तर तो येऊ शकेल. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार अस्थिर ठरलेल्या अप्रोचपैकी सुमारे तीन टक्केच गो-अराउंडमध्ये संपतात आणि उरलेले पुढे रेटले जातात. या आकड्यावर उपाय ऑटोपायलटमध्ये शोधायचा नाही, तो गो-अराउंड केलेल्या वैमानिकाकडून इंधनाचा व उशिराचा हिशेब न मागणाऱ्या कंपन्यांमध्ये शोधायचा आहे.

नव्या विमानांत जमिनीच्या नकाशाशी स्थान ताडून इशारा देणाऱ्या यंत्रणा आल्या आहेत आणि उपग्रहावर आधारित स्थानाशी आयएलएसची तुलना करता येते, म्हणून आपियासारखा प्रसंग आता माणसाविनाही पकडला जाईल, असा शेवटचा आक्षेप घेतला जातो. या यंत्रणा मोलाच्या आहेत आणि त्या प्रत्येक विमानात असाव्यात. पण त्या म्हणजे आणखी एक स्रोत आहेत, आणि स्किपोलला दोन स्रोतांपैकी चुकीचा कोणता हे ठरवण्याचे काम यंत्राला करता आले नव्हते. लांबच्या उड्डाणांत केवळ उंचावरच्या समतल प्रवासात, म्हणजे सर्वांत शांत टप्प्यात, एकाच वैमानिकाला नियंत्रणावर ठेवण्याच्या कल्पनेचा युरोपीय संघाच्या हवाई सुरक्षा संस्थेने अभ्यास करवून घेतला, तेव्हा २०२५ साली निष्कर्ष निघाला तो असा की, आजच्या दोन वैमानिकांच्या पद्धतीइतकी सुरक्षितता त्यात पुरेशी सिद्ध करता येत नाही. समतल प्रवासात चूक ओळखून सुधारायला बहुधा कित्येक मिनिटे मिळतात. हजार फुटांखालच्या अप्रोचमध्ये ती दीड मिनिटाहून जास्त मिळत नाहीत, आणि त्या दीड मिनिटातून दुसरा वैमानिक काढून घेऊ पाहणाऱ्यांनी आधी समतल प्रवासाविषयीचा हा निष्कर्ष खोडून दाखवला पाहिजे.